पिंपांची शर्यत: पुण्यात सहकुटुंब बॅरल रेसिंग भरवणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळशीच्या बाजूला आम्ही काही घोडेवाली घरं मिळून दर हिवाळ्यात ही छोटी स्पर्धा भरवतो. ती पाहून गेलेले पालक, रायडिंग शिकवणारे आणि स्वतःच्या शेतावर असंच काही करू पाहणारे लोक वर्षभर प्रश्न पाठवत राहतात. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ‘आमच्याकडे’ असं जिथे लिहिलंय तो आमचा नियम आहे. तुम्ही तुमचा ठरवू शकता, फक्त स्पर्धेच्या आधी ठरवा आणि फलकावर लावा.

१. बॅरल रेसिंग म्हणजे नेमकं काय?

तीन पिंपं त्रिकोणात मांडलेली असतात. स्वार रेषा ओलांडून आत येतो, तिन्ही पिंपांना वळसा घालतो आणि शेवटच्या पिंपापासून सरळ दौडत त्याच रेषेबाहेर पडतो. ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो पहिला. घोड्याची वाट वरून पाहिली तर तीन पाकळ्यांसारखी दिसते. सुरुवात उजव्या पिंपापासून करा किंवा डाव्या, दोन्ही चालतं. उजवीकडून केली तर एक उजवा आणि दोन डावे वळसे पडतात, डावीकडून केली तर उलट.

मैदानात एका वेळी एकच घोडा असतो. घोडे एकमेकांना धडकत नाहीत, कुणाला मागे टाकायचं नसतं, म्हणून मुलांसाठी हा प्रकार आम्हाला सगळ्यांत बरा वाटतो. आजोबा-आजींनाही पहिल्या दोन मिनिटांत सगळं कळतं.

२. हा अमेरिकन खेळ ना? आणि मुलींसाठी वेगळा गट असतो का?

खेळ अमेरिकन आहे, आणि तो नावारूपाला आणला बायकांनीच. १९४८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँजेलो इथे ३८ जणींनी ‘गर्ल्स रोडिओ असोसिएशन’ काढली (रोडिओ म्हणजे तिकडच्या गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धा). तिचंच नाव पुढे ‘विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन’ झालं. शार्मेन जेम्स या मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं आणि १९८४ ते १९९३ अशी सलग दहा वर्षं ते सोडलं नाही. तिच्या घोड्याचं नाव स्कॅम्पर. १९८५ च्या अंतिम स्पर्धेत धावताना त्याच्या तोंडावरचा लगाम निसटला, तरी त्याने तिन्ही वळसे बिनचूक पूर्ण केले. ही गोष्ट आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो, कारण घोड्याला खेळ कळलेला असेल तर हाताचं काम किती कमी उरतं ते त्यातून समजतं.

आमच्याकडे मुलगे-मुली एकत्रच असतात. गट वय आणि तयारी पाहून पडतात (प्रश्न ६).

३. किती जागा लागते?

मोठ्यांच्या प्रमाण मांडणीत पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट, त्या दोन्हींपासून तिसऱ्यापर्यंत १०५ फूट आणि पहिल्या दोघांपासून रेषेपर्यंत ६० फूट अंतर असतं. बाजूच्या कुंपणापासून १८ फूट, तिसऱ्या पिंपामागे २५ फूट आणि रेषेच्या अलीकडे घोडा थांबवायला किमान ६० फूट सोडा. सगळं धरून १३० बाय २४० फूट होतं, म्हणजे साधारण २९ गुंठे.

मुलांसाठी एवढं लागत नाही. आम्ही ६०, ७० आणि ४० फुटांची लहान मांडणी करतो. ती १०० बाय १९० फुटांत, म्हणजे साधारण साडेसतरा गुंठ्यांत बसते. जागा कमी असेल तर पिंपांमधलं अंतर कमी करा, थांबायच्या जागेला मात्र हात लावू नका. परत येताना घोडा सर्वांत वेगात असतो आणि मूल सर्वांत बेसावध.

मोजमाप फितीने करा, पावलांनी नको. जागा ठरली की प्रत्येक पिंपाखाली लाल सुतळी बांधलेला एक मोठा खिळा जमिनीत ठोकून ठेवा, डोकं मातीच्या खाली राहील असा. पिंप पडलं की सुतळी शोधून ते तिथेच उभं करायचं. पिंप फूटभर सरकलं तरी पुढच्या स्वाराची वाट बदलते.

४. जमीन कशी हवी? आमच्याकडे काळी माती आहे, चालेल का?

सगळ्यांत जास्त लिहावंसं वाटतं ते या प्रश्नावर, कारण बक्षिसं, मांडव, ध्वनिक्षेपक यांवर खर्च करून जमिनीवर हात आखडणारे खूप पाहिले. स्पर्धा सहकुटुंब ठरते ती जमिनीमुळे.

नुसती काळी माती नको. वाळली की भेगा पडतात आणि ओली झाली की खुरांत चिकटून बसते. नुसता मुरूमही नको. तो पाणी धरत नाही हे चांगलं, पण दबला की दगडासारखा होतो आणि वळताना नाल घसरते. खाली दाबलेला मुरूम आणि वर सुमारे तीन इंच वाळू किंवा बारीक क्रश (दगडाचा चुरा), हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे. वरचा थर फार खोल झाला तर पायाच्या शिरा ताणतात. खालचा थर एकसारखा नसेल तर घोडा एका पिंपाला विश्वासाने वळतो आणि दुसऱ्याला बिचकतो.

आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मारा, म्हणजे रात्रभर मुरतं. सकाळी मूठभर वाळू उचलून वळून पाहा. लाडू वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. वळलाच नाही तर धूळ उडेल, फुटला नाही तर घसरगुंडी होईल. मग ट्रॅक्टरला फण लावून एक फेरी आणि वरून सपाट करायला फळी.

हे एकदा करून भागत नाही. प्रत्येक घोडा पिंपाजवळ जवळपास त्याच जागी मागचे पाय रोवतो आणि तिथे चंद्रकोरीसारखी खाच पडत जाते. पहिल्या वर्षी आम्ही फळी फक्त जेवणाच्या सुट्टीत मारायची ठरवली होती. त्याआधीच दुसऱ्या पिंपाजवळ एका तट्टाचा मागचा पाय त्या खाचेत घसरला आणि ते गुडघ्यावर आलं. पोरगी मानेला धरून राहिली, पडली नाही. तट्टू उठलं, पण त्या दिवशी पुन्हा त्या पिंपाकडे जायला तयार झालं नाही आणि आम्हीही त्याला नेलं नाही. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून दर आठ स्वारांनंतर फळी फिरते, आणि मधल्या वेळात प्रत्येक पिंपाशी दाताळं घेऊन एक माणूस असतो. दहा-दहा मिनिटं जातात. जाऊ द्या. शेवटच्या मुलाला पहिल्याइतकीच चांगली जमीन मिळाली नाही, तर घड्याळावरचे आकडे खोटे आहेत.

५. कोणता महिना बरा?

डिसेंबर आणि जानेवारी. पावसाळ्यात जमीन हाती लागत नाही. शिवाय जुलैपासून पुण्याच्या रेसकोर्सचा हंगाम सुरू असतो, त्यामुळे घोड्यांचे डॉक्टर आणि नालबंद तिकडे अडकलेले असतात. फेब्रुवारीत परीक्षा जवळ येतात आणि मार्चपासून ऊन. थंडीत सकाळी आठला सुरू करून साडेअकरापर्यंत धावण्या संपवाव्यात. दिवाळीचा आठवडा टाळा. एखादा उरलेला लवंगी फटाका कुठल्या घोड्याला कुठे नेईल याचा भरवसा नसतो.

६. माझा मुलगा फक्त माथेरानला घोड्यावर बसलाय. त्याला भाग घेता येईल का?

येईल. आमच्याकडे चार गट असतात.

दोरी गटात चार ते सात वर्षांची मुलं आणि नवखे येतात. मोरखीला (घोड्याच्या तोंडावरच्या बिनलगामी पट्ट्याला) बांधलेली दोरी माणसाच्या हातात असते आणि घोडा फक्त चालतो. मूल खोगिराचा पुढचा भाग धरून बसलं तरी चालतं.

दुडकी गटात मूल स्वतः लगाम धरतं, पण घोड्याला दुडकीच्या (चालणं आणि दौड यांच्या मधल्या गतीच्या) पुढे जायची परवानगी नसते. दौड सुरू झाली तर चार-पाच पावलांत पुन्हा दुडकीवर आणायची, नाहीतर ती धाव बाद. लोकांना हा गट कंटाळवाणा वाटेल अशी भीती होती. प्रत्यक्षात शिकणं सर्वांत जास्त इथेच होतं, कारण पिंपाआधी वेग आवरून मग वळायचं हे दुडकीवर समजलं की दौडीत हात आपोआप तसा चालतो.

दौड गटात जाण्यासाठी आदल्या दिवशी आमच्यासमोर तीन गोष्टी कराव्या लागतात: दौडीतून थांबवणं, दोन्ही बाजूंनी गोल फिरवणं आणि रिकिबीतून पाय काढून पुन्हा घालणं. वय कितीही असो. चौथा गट आई-बाबा आणि मूल अशा जोडीचा. दोघांच्या वेळांची बेरीज होते, पालक दुडकीवर आणि मूल आपापल्या गटाप्रमाणे.

दोरी गट सगळ्यांत आधी घ्या. सकाळी घोडे शांत असतात आणि गर्दी जमलेली नसते.

७. ज्याचा घोडा महाग तोच जिंकणार ना?

सरळ वेळेवर निकाल लावला तर बहुतेकदा तसंच होतं. त्यावर अमेरिकेतच एक चांगला तोडगा निघालेला आहे: विभागांची पद्धत. सर्वांत कमी वेळ काढली जाते आणि तिच्यापुढे ठरावीक सेकंदांवर दुसरा, तिसरा विभाग सुरू होतो. प्रत्येक विभागाला आपापला पहिला क्रमांक असतो.

समजा सर्वांत चांगली वेळ २४.६२ सेकंद आली आणि विभाग एकेका सेकंदाचा ठेवला. मग २४.६२ ते २५.६१ हा पहिला विभाग. २५.६२ पासून दुसरा सुरू, २६.६२ पासून तिसरा. २५.७० ला आलेली मुलगी दुसऱ्या विभागात पहिली येऊ शकते. सेकंद किती ठेवायचे ते आधी जाहीर करा. मुद्दाम हळू धावून खालच्या विभागात जिंकता येत नाही, कारण सर्वांत चांगली वेळ किती येणार हे शेवटचा घोडा धावेपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

८. पिंपं कुठली घ्यायची?

मोठ्या स्पर्धांत दोन्ही बाजूंनी बंद अशी ५५ गॅलनची, म्हणजे आपली दोनशे लिटरची, लोखंडी पिंपं वापरतात. मुलांसाठी त्याच मापाची निळी प्लास्टिकची घ्या. झाकण घट्ट बसलेलं हवं, उघड्या पिंपात खूर अडकतो. वरच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब किंवा फोमची नळी गुंडाळा, म्हणजे गुडघा आपटला तरी सोलवटत नाही. आत वाळू किंवा पाणी भरू नका. धक्का लागला की पिंप पडलंच पाहिजे. न पडणारं पिंप म्हणजे मैदानातला खांब. रसायनाची पिंपं स्वस्त मिळतात, पण आत काय होतं ते लेबल वाचून कळत नसेल तर घरी आणू नका.

९. वेळ कशी मोजता?

रेषेच्या दोन्ही टोकांना प्रकाशकिरणाचं यंत्र लावलं तर उत्तमच. घोड्याचं नाक रेषेवर आलं की वेळ सुरू, परतताना नाक रेषेवर आलं की बंद. यंत्र नसेल तर तीन माणसांच्या हातात तीन स्टॉपवॉच द्या आणि मधली वेळ धरा. सरासरी काढू नका. एकाचा अंगठा चुकला तर सरासरीही चुकते. तिघांनी रेषेच्या सरळ रेघेतच बसायचं आणि समोर झेंडेवाला उभा करायचा. शेजारी मोबाइल तिपाईवर लावून ठेवला की वाद पाच मिनिटांत मिटतो.

१०. पिंप पडलं तर मुलगा बाद होतो का?

नाही. प्रत्येक पडलेल्या पिंपाला पाच सेकंद वाढतात. नुसता स्पर्श झाला तर काही नाही. हलणारं पिंप हाताने सावरून धरलं तरी चालतं, पण मुलांना ते शिकवू नका, तोल जातो.

बाद होतं ते वाट चुकल्यावर: पिंप चुकीच्या बाजूने घेतलं, एखादं राहिलं, किंवा वळसे पूर्ण होण्याआधी रेषा पुन्हा ओलांडली. दोरी गटात आम्ही कुणालाही बाद करत नाही. वाट चुकली की दोरी धरणाराच वळवून आणतो.

११. स्वतःचा घोडा नाही. मिळेल का?

आम्ही तीन-चार शांत घोडे ठेवतो आणि मुलं ते वाटून घेतात. पण एक घोडा दिवसभरात चारच धावा करतो. दोरी गटाची फेरी अर्धी धाव धरतो. पाचव्या मुलाला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, त्याचे डोळे भरलेले असतात. तरीही नाहीच म्हणा. दोन धावांमध्ये मोतद्दाराने (घोड्याची देखभाल करणाऱ्याने) घोडा हाताने चालवायचा आणि श्वास पूर्ववत झाल्याशिवाय पुन्हा खोगीर घट्ट करायचं नाही. शांत उभ्या घोड्याचे श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६ असतात. बरगड्यांकडे पाहून कुणालाही मोजता येतात. हे काम आम्ही मुलांनाच देतो आणि ती फार मन लावून करतात.

भीमथडी, काठेवाडी, मारवाडी, रेसकोर्सवरून निवृत्त झालेले घोडे, साधी तट्टं, सगळी चालतात. भीमेच्या खोऱ्यात धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर फिरलेलं भीमथडी जनावर अंगाने लहान, पायाने पक्कं आणि माणसांत रुळलेलं असतं. मुलांच्या मांडणीत ते उंच घोड्यांपेक्षा सुरेख वळताना आम्ही पाहिलंय. रेसकोर्सच्या घोड्याला मात्र काही महिने नव्याने शिकवल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नका. मोकळं मैदान दिसलं की पळायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं.

१२. लग्नाच्या वरातीतली घोडी किंवा बैलगाडा शर्यतीच्या घाटात (धावपट्टीवर) पळणारी घोडी आणली तर?

दोन्हींना दार उघडं आहे, पण दोन्हींची अडचण वेगवेगळी.

वरातीची घोडी बँड, गर्दी, रोषणाई यांना सरावलेली असते. पण तिच्या तोंडात काटेरी लगाम असेल तर आम्ही प्रवेश देत नाही. १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या नियमांनुसार काटेरी लगाम वापरायला बंदीच आहे. आम्ही दारातच साधा लगाम देतो. काही मालक आधी रागावतात, मग घोडी डोकं खाली टाकून चालू लागलेली पाहिली की तो लगाम विकत कुठे मिळतो ते विचारतात.

खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या घाटांत बैलांच्या पुढे घोडी पळते. ती सरळ रेषेत जीव तोडून धावायला शिकलेली असते, आवाज चढला की वेग वाढवायचा हेही. आपल्याला नेमकं उलट हवंय. अशा घोडीने पहिल्या वर्षी फक्त दुडकी गटात यायचं, वर मोठा माणूस, आणि तिच्या पाळीला प्रेक्षकांना शांत बसायची विनंती करायची.

१३. मुलांना दुचाकीचं हेल्मेट चालेल? आणि बूट?

दुचाकीचं चालत नाही. जड असतं, मान ओढली जाते आणि बाजूचं दिसत नाही. सायकलचं आणि क्रिकेटचंही नाही. घोडेस्वारीचंच हवं, आत ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं सुरक्षेचं मानक छापलेलं. एकदा डोक्यावर जोरात आपटलेलं हेल्मेट दिसायला धड असलं तरी बाद करा. मोठ्यांनाही हाच नियम आहे, घोडा त्यांचा स्वतःचा असला तरी.

बुटाला इंचभर टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. शाळेचे काळे चामडी बूट चालतात. स्पोर्ट्स शूज आणि सँडल नाही. मुलांच्या गटांत चाबूक आणि टाचेला लावायचे काटे दोन्ही बंद आहेत. दारात उभा असलेला माणूस प्रत्येक घोड्याचा तंग (खोगीर बांधायचा पट्टा) हाताने तपासतो. घरून घट्ट करून आणलेला तंग अर्ध्या तासात सैल होतो.

१४. घोड्याची कोणती कागदपत्रं मागता?

पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला आणि ग्लँडर्स या रोगाचा निगेटिव्ह अहवाल. ग्लँडर्स घोड्याकडून माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावर कायद्याने मारावं लागतं. ‘आमचा घोडा ठणठणीत आहे’ हे म्हणून पुरत नाही. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात, तेव्हा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी महिनाभर आधी बोला. पाण्याची बादली प्रत्येक घोड्याची वेगळी ठेवा, सामाईक हौद नको.

पालकांनी मुलांची धनुर्वाताची इंजेक्शनं झाली आहेत का तेही पाहावं. घोड्याच्या लिदीत त्याचे जंतू असतात.

१५. परवानग्या कोणत्या? बैलगाडा शर्यतीला परवानगी मिळते, मग ही आपोआप मिळत असेल ना?

आपोआप मिळत नाही. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने कायद्यात वेगळी दुरुस्ती केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मे २०२३ मध्ये वैध ठरवली. ती बैलांपुरती आहे, घोड्यांना लागू नाही.

लोकांना प्रवेश असलेला घोड्यांचा कार्यक्रम २००१ च्या परफॉर्मिंग ॲनिमल्स नोंदणी नियमांच्या व्याख्येत येतो आणि त्यासाठी भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हे मंडळ हरियाणातल्या बल्लभगडला आहे. अर्ज काही महिने आधी करा. त्याशिवाय जागामालकाची लेखी संमती, ग्रामपंचायत किंवा महापालिकेचं पत्र, आणि पोलीस ठाण्याची परवानगी, त्यात ध्वनिक्षेपकाची वेगळी. सगळ्या कागदांच्या प्रती एका फाइलमध्ये प्रवेशद्वाराशी ठेवा.

१६. मैदानाच्या दाराची एवढी काळजी का करता?

उघडं दार दिसलं की घोड्याच्या मनात घर येतं. तिसरं पिंप घेऊन तो वळतो तेव्हा समोर तेच दार असतं. ते उघडं असेल तर तो रेषेवर थांबत नाही, थेट पार्किंगपर्यंत जातो, पाठीवर मूल घेऊन. आमच्याकडे एकदा चहा आणायला दारवाला दोन मिनिटं गेला आणि नेमकं हेच झालं. नशिबाने मधल्या वाटेत कुणी नव्हतं. आता दारावर दोघं असतात आणि त्यांचा चहा त्यांच्या जागेवर येतो. दार बंद झाल्याची आरोळी ऐकल्याशिवाय झेंडा पडत नाही.

धाव संपली की घोडा मैदानातच चालत एक चक्कर मारतो आणि मग चालतच बाहेर पडतो. दौडत बाहेर गेलेला घोडा पुढच्या वेळी आत यायला कुरकुर करतो, दारातच उभा राहतो, मागच्या पायांवर चढतो. ही सवय लागायला दोन स्पर्धा पुरतात आणि मोडायला वर्ष लागतं.

१७. प्रेक्षकांसाठी काय नियम आहेत? आम्ही कुंपणाजवळून मुलाला सूचना देऊ शकतो का?

कुंपणापासून सहा फुटांवर दुसरी दोरी बांधतो, तिच्या पलीकडे बसायचं. फुगे, शिट्ट्या, ड्रोन, फ्लॅश आणि कुत्रे बंद. छत्री उघडायची असेल तर मागच्या रांगेत. टाळ्या मूल रेषेबाहेर पडल्यावर.

सूचना देऊ नका, ही हात जोडून विनंती. ‘टाच मार, टाच मार’ असा आवाज आला की मूल आवाजाकडे पाहतं. डोकं वळलं की खांदा वळतो, खांद्याबरोबर लगाम, आणि घोडा पिंपावर जातो. मग पाच सेकंद वाढतात आणि गाडीत बसल्यावर बोलणी त्या पोराला बसतात. गेल्या हिवाळ्यात एका आजोबांनी नातीच्या धावेच्या वेळी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. तिने पिंप पाडलं नाही. तसं करा.

१८. मूल पडलं तर?

शिट्टी वाजते आणि सगळे जागच्या जागी थांबतात. एक माणूस घोड्याकडे, एक मुलाकडे. दोघांची नावं आधी ठरलेली असतात. मुलाला लगेच उचलून उभं करायचं नाही, आईनेसुद्धा नाही. मान, पाठ, शुद्ध हे प्रथमोपचारवाल्याने पाहिल्यावरच हलवायचं. डोक्याला मार लागला असेल तर मूल हसत असलं तरी त्या दिवशी पुन्हा घोड्यावर नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, घोड्यासाठी १९६२. पण शहराबाहेर मदत यायला वेळ लागतो, म्हणून एक रुग्णवाहिका आणि एक पशुवैद्य पहिल्या धावेपासून शेवटचा घोडा गाडीत चढेपर्यंत जागेवर हवेत. यांपैकी कुणी एक जरी हजर नसेल तर धावणं थांबतं. एकदा आम्ही पशुवैद्याची वाट पाहत पाऊण तास सगळ्यांना पोहे खायला बसवलं होतं.

१९. घोडा पुढे जायलाच तयार नाही, किंवा मूल आयत्या वेळी रडू लागलं. मग?

घोड्याला साठ सेकंद देतो. तेवढ्यात तो रेषेपर्यंत आला नाही तर हाताने धरून मैदानात एक शांत फेरी मारून बाहेर. मारणं, ओढणं, मागून दगड भिरकावणं दिसलं तर त्या मालकाला त्या दिवसापुरतं बाहेर काढतो.

रडणाऱ्या मुलाचं नाव यादीच्या शेवटी टाकतो. तरीही नको म्हणालं तर नको. शुल्क परत. दोरी गटात कितीतरी मुलं घोड्याला खरारा करून आणि गूळ चारून आनंदाने घरी जातात आणि पुढच्या वर्षी स्वतःहून नाव देतात.

२०. वादाचे प्रसंग: पिंप पडून पुन्हा उभं राहिलं, घड्याळ बंद पडलं, बरोबरी झाली?

पिंप उलटून दुसऱ्या तोंडावर उभं राहिलं तरी ते पडलेलंच, पाच सेकंद. वाऱ्याने किंवा आधीच तिरकं ठेवल्याने पडलं हे मोबाइलच्या चित्रणात दिसलं तर दंड नाही.

घड्याळ बंद पडलं तर पुन्हा धाव, पण लगेच नाही. घोडा किमान वीस मिनिटं चालवून, फळी मारल्यानंतर. पहिल्या धावेतला दंड आम्ही पुढे नेत नाही. प्रश्न ११ मधली चार धावांची मर्यादा तेव्हाही मोडत नाही. घोडा दमलेला असेल तर दुसरा देतो.

बरोबरी झाली की दोघांनाही तोच क्रमांक. पुन्हा धावून निकाल लावायचा आग्रह पालकांचा असतो, मुलांचा कधीच नसतो.

२१. बक्षीस काय? आणि ‘मित्रा-मित्रांत शंभर-शंभर लावले’ तर?

रोख बक्षीस मुलांच्या गटांत नाही. खरारा, मोरखी, हेल्मेट अशा वापरायच्या वस्तू देतो, आणि त्या दिवशी ज्याने घोड्याची सर्वांत चांगली देखभाल केली त्याला वेगळं बक्षीस. ते मोतद्दारांनी ठरवायचं. प्रवेश शुल्क पशुवैद्य, रुग्णवाहिका, पाणी आणि ट्रॅक्टर यांवर जातं, हिशेब फलकावर लावतो. पैज लावणं, शंभराची असो की दहाची, कायद्यानेही नाही आणि आमच्याकडेही नाही. दिसलं की ध्वनिक्षेपकावरून एकदा सांगतो, दुसऱ्यांदा पोलिसांना.

२२. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला तर?

पहाटे साडेपाचला आम्ही तिघं मैदानात जातो आणि तिन्ही पिंपांच्या जागी लाडू वळून पाहतो (प्रश्न ४). तिन्हीकडे फुटला तर वेळेवर सुरू. एका जागी फुटला नाही तर दोन तास थांबून पुन्हा पाहतो. तरीही नाही तर दौड आणि दुडकी गट पुढच्या रविवारी जातात. दोरी गट बाजूच्या कोरड्या पट्ट्यावर घेतो, पिंपं उचलून तिकडे नेतो आणि फीत घेऊन अंतरं पुन्हा मोजतो. सहा वाजता सगळ्या घरांना निरोप जातो, म्हणजे लांबून घोडा आणणाऱ्याने तो गाडीत चढवलेला नसतो.